पर्लसाठी आलेली भांडी

तिसऱ्या घराच्या पायऱ्या उतरून आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो, तरी व्हर्लिनच्या तोंडून ते काही निघालं नव्हतं. लहान मुलांच्या लाल ओढगाडीत काचेची भांडी एकमेकांना घासून किणकिणत होती. तळ्यावरचं बर्फ कधीच वितळलं होतं, पण वारा अजून कानाला झोंबत होता. गाडीचा दांडा धरून व्हर्लिन पुढे, आणि वरची भांडी घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर हात ठेवून मी मागे.

“सांगितलं नाहीत,” मी म्हणाले.

“वेळच नाही मिळाला.”

“अर्धा तास दारात उभे होतो आपण.”

“ते हवेबद्दल बोलत होते.”

“बरं, मग?”

“हवेच्या गप्पांत मध्येच साप कसा काढणार, शैला?”

मिनेसोटात हवेचा विषय निघाला की तो संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तो संपत नाही.

सांगायचं होतं ते एवढंच. ज्या पर्लच्या आजारपणात गावातल्या बायकांनी ही भांडी भरभरून जेवण पाठवलं, ती पर्ल म्हणजे कुणी बाई नव्हे. ती कॉर्न स्नेक जातीची, नारिंगी अंगावर लाल ठिपके असलेली, चांगली माझ्या खांद्यापर्यंत पोचेल एवढी लांब सापीण आहे. बिनविषारी आहे. पण एवढं सांगूनही तुम्ही खुर्चीवर पाय घेतलेच असतील.

भांडी परत करताना प्रत्येक दारात खरं सांगून टाकायचं, असं सकाळी ठरलं होतं. ठरवलं मी होतं. व्हर्लिननी मान हलवली होती. त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच असतो, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

व्हर्लिन ओस्गार्ड आमचे शेजारी. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी दार उघडलं, तर दारापासून रस्त्यापर्यंत बर्फ बाजूला करून नीट वाट काढलेली. कुणी काढली ते कळेना. दर बर्फानंतर ती वाट आपली तयार. शेवटी एकदा मी पडद्याआडून पाळत ठेवली आणि पकडलं. जाऊन आभार मानले तर म्हणाले, “फावडं बाहेर काढलंच होतं.” पुढची कित्येक वर्षं आमचं एकमेकांशी एवढंच संभाषण झालं होतं असं म्हटलं तरी चालेल. जन्मभर त्यांनी सरकारी रस्त्यांवरचं बर्फ ढकलणारी गाडी चालवली. त्या गाडीत माणूस एकटाच असतो. त्यामुळे त्यांची बोलायची सवय गेली की ती मुळातच नव्हती, हे त्यांच्या बायकोलाही कधी ठरवता आलं नाही.

त्यांच्या बायको आर्डिस शेजारच्या मोठ्या गावी शाळेत विज्ञान शिकवायच्या. दोघांचं मिळून बोलायचं काम त्याच करायच्या. वर्गात प्राणी ठेवायचे नाहीत असं शाळेनं ठरवलं, तेव्हा सशाला आणि कासवाला लगेच घरं मिळाली. राहिली पर्ल. आर्डिसनी तिला उशीच्या अभ्र्यात घालून घरी आणलं. व्हर्लिन उठून गॅरेजमध्ये जाऊन बसले, ते जेवायलाच आत आले. सापाला ते भयंकर भितात. गोठलेल्या तळ्यावर एकट्यानं गाडी घालणारा माणूस, पण पर्लच्या काचपेटीवरून जाताना भिंतीला पाठ लावून जायचा. त्यांनी एकच अट घातली: गावात कुणाला सांगायचं नाही. कॉफीला कोण येईल मग? आर्डिसनी ती अट पाळली. शेजारीण म्हणून फक्त मला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी आर्डिस गेल्या. जाण्याआधी त्यांनी नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. तो तपकिरी स्वेटर आता टाकून दे, आणि पर्लला उपाशी ठेवू नकोस.

स्वेटर अजून त्यांच्या अंगातच आहे. पण पर्ल एकदाही उपाशी राहिली नाही. मांस भाजायच्या लांब चिमट्यानं, हातात कोपरापर्यंतचे मासेमारीचे हातमोजे चढवून, तोंड दुसरीकडे करून, व्हर्लिन तिला नेमानं तिचा उंदीर द्यायचे. उंदीर गोठवलेले विकत मिळतात. ते आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत, वाटाण्यांच्या पिशवीशेजारी असायचे.

या वसंतात पर्ल जाडजूड झाली आणि खाईना. नर नसला तरी कोंबडीसारखीच सापीणही पिल्लं न होणारी अंडी घालते, हे मला तेव्हा कळलं. तिनं काही घातली, आणि बाकीची पोटातच अडकली. त्या दिवशी व्हर्लिननी आमचं दार वाजवलं. त्यांनी आयुष्यात आमचं दार वाजवलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं घराला आग लागली.

“शैला,” ते म्हणाले, “तुमच्यात साप देव असतो ना?”

“असतो.”

“मग जरा येतेस?”

माझं माहेर कराडजवळ. नागपंचमीला आई पाटावर गंधानं नाग काढायची, आम्ही त्याला लाह्या आणि दूध वाहायचो. त्या दिवशी विळीवर काही चिरायचं नाही, कढईत काही तळायचं नाही. हे सगळं मी इथेही पाळते. पण तो नाग गंधाचा होता. तो हलत नव्हता. हलणारा मी एकदाच पाहिला, गारुड्याच्या टोपलीत, आणि तोही आईच्या पदराआडून.

“आम्ही लांबून नमस्कार करतो,” मी स्पष्टच सांगितलं.

“मी तर तेवढंही केलेलं नाही,” व्हर्लिन म्हणाले. “म्हणजे तू माझ्या पुढेच आहेस.”

असे आम्ही दोघं घाबरट, मांडीवर भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घेऊन, शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, हातभर गोंदवलेलं, पण बोलायला गोड. फोटोत अंडी दिसली, माळेतल्या मण्यांसारखी एकामागे एक. कोमट पाण्यात बसवून झालं, औषध टोचून झालं, अंडी हलेनात. ऑपरेशन करावं लागेल म्हणाली.

“जगेल का?” व्हर्लिननी विचारलं.

“ऑपरेशन पार पडेल हो. खरं ते पुढे. नंतर ती आपणहून खायला लागली तर जगली म्हणायचं.”

व्हर्लिननी मान हलवली. त्या आठवड्यात ऑपरेशनच्या खर्चासाठी बर्फावर नेऊन ठेवायची त्यांची मासेमारीची खोपटी, स्वतः बांधलेली, आत शेगडी आणि खिडकीला पडदा असलेली, त्यांनी विकली. गावात मोठी चर्चा झाली. इथला माणूस घर विकेल, पण मासेमारीची खोपटी विकायचा नाही.

ऑपरेशननंतर पर्ल घरी आली ती पोटावर टाक्यांची लांब रांग घेऊन. पेटीतला लाकडाचा भुसा काढून कागदाचे रुमाल अंथरायचे, म्हणजे टाक्यांत कचरा जात नाही. एका बाजूला ऊब ठेवायची, पाण्यात बसू द्यायचं नाही, आणि एक दिवसाआड इंजेक्शन द्यायचं. डॉक्टरीणबाईनं ते करून दाखवलं तेव्हा फार सोपं वाटलं होतं.

“तू डोकं धर,” व्हर्लिन म्हणाले.

“तुम्ही धरा. तुमची सापीण आहे.”

“तुमचा देव आहे.”

शेवटी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, टॉवेलवरून मी धरलं आणि मनात देवाचं नाव घेतलं. व्हर्लिननी सुई पुढे आणली आणि डोळे मिटून घेतले.

“अहो, डोळे उघडा! मला टोचाल!”

“उघडले की ती दिसते.”

तरी जमलं. दुसऱ्या वेळी जरा बरं जमलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की त्यांच्या हातात हातमोजा नाही. ते टाक्यांवरून हलकेच बोट फिरवत म्हणाले, “मोज्यातून टाके कळत नाहीत.” आणि बऱ्याच वेळानं, “गिळगिळीत नसते गं. मला वाटायचं गिळगिळीत असेल.”

त्या रविवारी ते म्हणाले, चर्चमध्ये येतेस का. मी जाते अधूनमधून. देवाच्या दारात बसायला मला कुठेही संकोच वाटत नाही, आणि तिथली कॉफी पातळ असली तरी गरम असते. प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाई विचारतात, कुणासाठी मागायचंय का? लोक जागेवरूनच नावं सांगतात. आणि व्हर्लिन उभे राहिले. सगळं चर्च मागे वळलं. हा माणूस स्वतःच्या लग्नातही ‘हो’ म्हणताना खोकल्यासारखा आवाज काढून मोकळा झाला होता, असं आर्डिस सांगायच्या.

“पर्ल,” व्हर्लिन म्हणाले. “पोटाचं ऑपरेशन. बायकी दुखणं.”

आणि खाली बसले. कान लालबुंद.

घरी येताना मी विचारलं, “साप आहे हे का नाही सांगितलंत?”

“देवाला माहीत आहे.”

“आणि लोकांना?”

दोन चौक गेल्यावर उत्तर आलं. “आमच्यात सापाचं नाव चांगलं नाही. बायबलच्या अगदी पहिल्याच गोष्टीत त्यानं घोळ घालून ठेवलाय. पाद्रीबाई नाही म्हणाल्या असत्या तर?” आणखी एक चौक गेला. “तुमच्या देवाच्या गळ्यातच असतो ना? तिकडेही जरा कानावर घालून ठेव.”

मी घातलं. संध्याकाळी दिवा लावताना महादेवाला म्हटलं, बाबा, तुझ्यातलीच आहे, बघ जरा.

इकडे त्याच दिवशी दुपारपर्यंत लव्हॉनबाई हजर. लव्हॉन स्टेनग्रिम म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराच्या मालकीणच म्हणा ना. उंच, हाडापेरानं मजबूत, आयुष्य शेतावर गेलेलं. कुणाचं ऑपरेशन झालं की त्या घरी रोज एकीनं हॉटडिश पाठवायची, ही इथली रीत: खाली खिमा, वर घट्ट सूप, त्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेलं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव. माझ्यासाठी मुद्दाम मांस नसलेलं एक वेगळं आलं. त्यात ट्यूना मासा होता.

आता एकटा म्हातारा विधुर, त्याच्या घरी कुणी पर्ल. कराडला असतं तर पहिल्या तासात शेजारणींनी तिचं माहेर-सासर काढलं असतं. इथे कुणाला सरळ प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालण्यासारखं. त्यामुळे लव्हॉनबाई दारात उभ्या राहून कडेकडेनं विचारत होत्या.

“झोप लागते का तिला?”

“दिवसभर.”

“ओळखीची असेल.”

“आर्डिसच्या. शाळेतली.”

“हो का. चांगलंच म्हणायचं. भेटायला यायचं नसेल ना कुणी?”

“नको. लाजाळू आहे.”

यात एक शब्द खोटा नव्हता. मग लव्हॉनबाईंनी हॉटडिश ठेवायला फ्रीजरचं झाकण उघडलं आणि व्हर्लिन, ज्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं, ते मध्ये जाऊन उभे राहिले.

“जागा नाही.”

“ही आइस्क्रीमची बादली काढली की होईल.”

“ते पर्लचं आहे.”

“एवढं आइस्क्रीम? ऑपरेशननंतर?”

“पथ्याचं आहे,” व्हर्लिन म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. लव्हॉनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

भांडी येत राहिली. व्हर्लिन खात राहिले. तपकिरी स्वेटरची बटणं लागेनाशी झाली. पर्लनं मात्र तोंड लावलं नाही. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं: लहानसा उंदीर बशीत ठेवा, पेटीवर कापड टाका आणि लांब जा, तिला एकटी राहू द्या. व्हर्लिन ठेवायचे, कापडही टाकायचे. पण लांब जाणं जमेना. पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचे, आणि घटकेघटकेला कापडाचं टोक वर करून आत तोंड घालायचे. “खा गं बाई. थोडं खा.” पर्ल बशीकडे पाठ करायची. ती बारीक होत चालली. कण्यावरची कातडी सैल दिसायला लागली.

“सोमवारी घेऊन या,” डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाली. “तोपर्यंत खाल्लं नाही तर नळीनं भरवावं लागेल. टाके ताजे आहेत, ती धडपडली तर उसवतील. पण दुसरा इलाज नाही.”

फोन ठेवून व्हर्लिन म्हणाले, “आर्डिसनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या.” आणि स्वेटरकडे बघितलं.

आणि आज शनिवार. संध्याकाळसाठी शेवटचा उंदीर फ्रीजमध्ये वितळायला ठेवून मी त्यांना भांड्यांच्या निमित्तानं बाहेर काढलं होतं. निदान दिवसभर त्या पेटीसमोरून तरी उठतील.

चौथ्या घरी हवा झाली. पाचव्या घरी हवा आणि तळ्यातले मासे. प्रत्येक घरी एक भांडं उतरायचं आणि त्याच्या जागी गोड वड्यांचा एक डबा चढायचा, कारण रिकाम्या हातानं कुणाला परत धाडायचं नाही, हे इथे आणि कराडला सारखंच आहे. गाडी काही हलकी होईना. शेवटी राहिलं लव्हॉनबाईंचं घर. दार उघडल्याबरोबर त्यांनी आमच्या हातातलं भांडं बघितलंही नाही. आत नेऊन टेबलावर गोधडी उलगडली. निळ्या-पांढऱ्या चौकटींची, कडेला बारीक फुलं.

“सगळ्यांनी मिळून शिवली,” त्या म्हणाल्या. “पर्लसाठी. प्रत्येक गाठ मारताना एकेकीनं तिचं नाव घेतलंय.”

व्हर्लिननी गोधडीवर हात ठेवला. हवेबद्दल कुणीच बोलत नव्हतं. मी मनात म्हटलं, आता सांगतील.

“लव्हॉन,” ते म्हणाले. “पर्ल...”

लव्हॉनबाईंनी छातीवर हात नेला. “गेली?”

“नाही. खात नाही. काहीच खात नाही. सोमवारी नळीनं भरवणार. टाके उसवले तर...”

त्यांचे डोळे भरून आले. इथे कुणाचे डोळे भरले की समोरचा त्याला जवळ घेत नाही, कोट अंगात चढवतो. लव्हॉनबाईंनी कोट चढवला. “चल. मी बघते तिच्याकडे.”

“मी सांगू का?” बाहेर येताना मी व्हर्लिनच्या कानाशी म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गोधडी गाडीत, वड्यांच्या डब्यांवर. तिघं निघालो. तळ्याच्या वळणावर व्हर्लिन थांबले. मोठा श्वास घेतला.

“लव्हॉन, पर्लला पाय नाहीत.”

“अरे देवा,” लव्हॉनबाई म्हणाल्या. “मधुमेह?”

“नाही. कधी नव्हतेच.”

लव्हॉनबाईंनी कोटाची बटणं वरपर्यंत लावली. “बिचारी,” त्या म्हणाल्या. “आणि वर हे दुखणं.”

मी गोधडीच्या कडेची फुलं मोजत राहिले. दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं, आणि ती वेळ हसायची नव्हती.

घरी आल्यावर व्हर्लिननी त्यांना सरळ आतल्या खोलीत नेलं आणि काचपेटीवरचं कापड बाजूला केलं. पर्ल कागदाच्या रुमालाखालून डोकं काढून बघत होती. जीभ बाहेर आली, आत गेली. लव्हॉनबाई हातातली पर्स सावरत खूप वेळ बघत राहिल्या. मी त्यांना धरायच्या तयारीत मागे उभी.

“बरं,” त्या अखेर म्हणाल्या. “मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा बारीक आहे.”

व्हर्लिन खाली बघत उभे. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

“आणि झालं काय होतं हिला?”

“अंडी अडकली होती.”

लव्हॉनबाईंचा चेहराच बदलला. “हात्तिच्या! मग आधी नाही का सांगायचं? माझ्या किती कोंबड्या गेल्या त्यानं! फार वाईट दुखणं रे ते.” त्या वाकून जवळून बघायला लागल्या. “टाके सुरेख घातलेत हं. आमच्या गोधडीपेक्षा बरे.”

“चर्चमध्ये साप म्हणून सांगितलं नाही मी,” व्हर्लिन म्हणाले. “तुम्हा सगळ्यांना मागायला लावलं. चालतं का ते?”

“अरे व्हर्लिन, गेल्या पानगळीत आपण ऑर्विलच्या कापणीयंत्रासाठी मागितलं होतं. त्यात तर जीवही नव्हता.”

“ते सुरू कुठे झालं?”

“नाही झालं. पण मागितलं ना?”

संध्याकाळ होत आली होती. व्हर्लिननी उंदीर बशीत घालून पेटीत ठेवला, हातानं, चिमट्याशिवाय. आणि खुर्ची ओढली.

“हे काय?” लव्हॉनबाई म्हणाल्या.

“बसतो.”

“कुठे?”

“इथे. बघत.”

“असं समोर बसून तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, तर मीही जेवायची नाही, व्हर्लिन. ऊठ.” त्यांनी गाडीतली गोधडी आणली आणि पेटीच्या समोरच्या काचेवर नीट सोडली, फुलांची कड वर. “ही पर्लची आहे, पर्लजवळच राहू दे. चल, कॉफी कर.”

स्वयंपाकघरात आम्ही कॉफी आणि वड्या घेऊन बसलो. व्हर्लिन अर्धे उठले.

“कुठे?”

“हात धुवायला.”

“नळ इथे आहे.”

बसले. पुन्हा उठले.

“आता कुठे?”

“पाहुणीला एकटं टाकून यजमान उठतो का?” मी म्हणाले. “बसा.”

मग लव्हॉनबाईंनी दोन्ही तळहात मांड्यांवर आपटले. “बरं. चला तर. निघते मी.”

इथे हे म्हटलं म्हणजे निघण्याची सुरुवात झाली. मध्येच सोडून आत जाणं यजमानाला शोभत नाही. पाहुणा रस्त्याला लागेपर्यंत यजमानानं त्याच्याबरोबर पुढे पुढे सरकायचं असतं. आधी खुर्चीमागे उभं राहून हवा झाली. मग स्वयंपाकघराच्या दारात ऑर्विलचं यंत्र. कोट घालून झाल्यावर बाहेरच्या दाराशी कोंबड्या, प्रत्येकीच्या नावासकट. व्हर्लिन एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होते, मान वळवून आतल्या खोलीकडे बघत होते, पण लव्हॉनबाई दाराच्या मुठीला हात लावून उभ्या होत्या, आणि मूठ फिरवत नव्हत्या. मला आधी वाटलं नेहमीचंच आहे. मग त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

बाहेर पायरीवर आलो तेव्हा ऊन तळ्यावर तिरपं पडलं होतं. तिथे आर्डिसचा विषय निघाला.

“ती असती तर तिनं एवढं लपवलं नसतं,” लव्हॉनबाई म्हणाल्या. “तिनं हिला उशीच्या अभ्र्यात घालून सरळ चर्चमध्ये आणलं असतं.”

“पहिल्या बाकावर,” व्हर्लिन म्हणाले.

आणि ते हसले. आर्डिस गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. गाडी सुरू होताना करते तसा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मग लागलीच सुरू. बराच वेळ ते आर्डिसबद्दल बोलत राहिले. स्वतः. पर्लची आठवणही निघाली नाही.

लव्हॉनबाई वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्यांना भान आलं. आत गेलो. गोधडीचं टोक त्यांनी हळूच उचललं.

बशी रिकामी होती. पर्ल रुमालावर वेटोळं करून पडली होती, आणि गळ्याच्या जरा खाली तिच्या अंगात छोटासा फुगवटा.

व्हर्लिन जमिनीवरच बसले. काचेवर तळहात टेकवला; जेवल्यावर दोन दिवस तिला हात लावायचा नाही, म्हणून काचेला. “खाल्लं गं,” ते म्हणाले. मला म्हणाले नाहीत.

मी गुपचूप निघाले. घरी दिवा लावायचा होता, आणि एकाचे आभारही मानायचे होते. कुंपणापाशी पोचले तर मागून हाक आली. व्हर्लिन पायरीवर उभे, हातात वड्यांचा डबा.

“घेऊन जा. स्वेटरची बटणं लागत नाहीत.”

मी डबा घेतला. ते गेले नाहीत. तळ्याकडे बघत उभे राहिले.

“उद्या रविवार,” ते म्हणाले.

“हो.”

“मागितलेलं मिळालं की तेही सांगतात चर्चमध्ये.”

“सांगायलाच हवं. सगळ्यांनी नाव घेतलंय तिचं.”

“ती जेवली म्हणून.”

“आणि ती साप आहे म्हणूनही.”

“तेही,” व्हर्लिन म्हणाले. एक बदकांची जोडी तळ्यावर उतरली. “पण मी उभा राहिलोय एकदा. लगेच पुन्हा उभा राहिलो तर लोकांना वाटेल, याला सवय लागली.”

मी डबा दुसऱ्या हातात घेतला.

“शैला, उद्या तू उभी राहून सांगशील का? मी शेजारी बसेन.” ते जायला वळले, आणि पुन्हा फिरले. “फक्त सुरुवात हवेपासून कर.”